हिरडी ते लिव्हर: एका वहीची कृती

कंपनीच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट आला. सोनोग्राफीच्या ओळीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’. तुम्ही तो घडी घालून कपाटात ठेवलात, कारण दुखत तर काहीच नाही. त्याच आठवड्यात ब्रश करताना थुंकीत लाल रेघ दिसली. तीही पाण्याबरोबर सोडून दिलीत, कारण तिथेही दुखत नाही. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या आपल्या पिरंगुटच्या किती कपाटांत असे रिपोर्ट पडून असतील, देव जाणे. आज आपण ते बाहेर काढू.

आधी एवढंच. हिरड्यांचा जुना आजार आणि फॅटी लिव्हर पुष्कळदा एकाच माणसात सोबत सापडतात. २०१२ मध्ये जपानच्या योकोहामातल्या संशोधकांना हिरड्या पोखरणारा एक जंतू फॅटी लिव्हरच्या रुग्णांच्या तोंडात इतरांपेक्षा जास्त वेळा सापडला. तरी हिरडी बरी केली की लिव्हरही बरं होतं, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मान डोलावू नका. तितका पुरावा अजून नाही. पण लिव्हरचे डॉक्टर तोंडात बघत नाहीत आणि दातांचे डॉक्टर पोटाचं विचारत नाहीत. दोघांच्या मधली बातमी न्यायची तुम्हीच. त्यासाठीच ही वही. थिअरी संपली, चला कामाला.

साहित्य: शंभरपानी वही, पेन, शिंप्याकडे असते तशी मोजायची टेप, आरसा, मोबाइलचा टॉर्च, नवा मऊ ब्रश, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि ती प्लास्टिकची पिशवी, जिच्यात घरातले सगळे रिपोर्ट कोंबलेले असतात.

आज संध्याकाळी, घरच्या घरी

१. आधी डोळे बघा. बल्बच्या पिवळट उजेडात नको, खिडकीपाशी, दिवस मावळायच्या आत. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळा वाटतोय? पोट फुगून पायांवर सूज आलीय? शौचाला डांबरासारखी काळी होतेय? उलटीत रक्त दिसलं? किंवा गाल सुजून ताप आलाय आणि तोंड उघडत नाही? यातलं एकही ‘हो’ असेल तर वही मिटा आणि आजच डॉक्टर गाठा. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर १०८ लावा. पुढचं सगळं नंतर.

२. वहीचं पहिलं पान मधोमध आखा. डावीकडे लिहा ‘तोंड’, उजवीकडे ‘पोट’. वर आजची तारीख. तारखेशिवाय लिहिलेला आकडा तीन महिन्यांनी काही कामाचा राहत नाही.

३. चालू असलेलं प्रत्येक औषध लिहा. बीपी, शुगर, थायरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, गुडघ्यासाठी अधूनमधून घेतलेली पेनकिलर, सगळं. काढे, चूर्णं, जिममधल्या मुलाने दिलेली पावडर, कोणी तरी पाठवलेलं ‘लिव्हर टॉनिक’ हेही त्यातच. वनस्पतीचं आहे म्हणून गाळू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, पण डॉक्टरांना सांगायला काय जातं? आणखी एक: बीपीच्या ॲम्लोडिपिनसारख्या गोळीने काहींच्या हिरड्या फुगतात. हे वाचून गोळी बंद करायची नाही. फक्त तिच्यापुढे फुली मारा आणि डॉक्टरांना विचारा.

४. तंबाखू आणि दारू खरीखुरी लिहा. दिवसाला किती पुड्या, किती विड्या, आठवड्याला किती पेग. वही तुमची आहे, बायकोला दाखवायची सक्ती नाही. आणि मशेरी हीसुद्धा तंबाखूच. ‘दात घासायची’ म्हणून ती सुटत नाही. इथे मोठी फसगत होते. तंबाखूने हिरडीतलं रक्त आटतं, म्हणून आजार असूनही रक्त दिसत नाही. आमच्या सासूबाई चाळीस वर्षं मशेरी लावत होत्या आणि अभिमानाने सांगत, माझ्या हिरडीतून कधी थेंब आला नाही. खालचे पुढचे तीन दात तोवर बोटाने हलायला लागले होते.

५. कंबर मोजा. शर्ट वर करा, शेवटची बरगडी चाचपा, कमरेच्या हाडाचं वरचं टोक चाचपा आणि दोघांच्या बरोब्बर मध्ये टेप गुंडाळा. श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पुरुषांत ९० सेंटीमीटरच्या आत, बायकांत ८० च्या आत हवा. पोट आत ओढायचं नाही, टेपला फसवून उपयोग नाही. पँटचा नंबर लिहू नका. पँट आपण पोटाखाली बांधतो. तीस वर्षांपुढच्यांची हीच कंबर गावातल्या आशाताईही त्यांच्या फॉर्मसाठी मोजतात. टेप घरी नसेल तर त्यांना हाक मारा.

६. हिरड्या बघा. हात धुवा, आरशासमोर उभं राहा, एका हाताने ओठ वर उचला आणि दुसऱ्या हाताने टॉर्च मारा. वरच्या उजव्या दाढेपासून सुरू करून डावीकडे जा, मग खाली उतरून परत या, म्हणजे कुठला दात राहणार नाही. निरोगी हिरडी दोन दातांच्या मध्ये टोकदार बसलेली असते. बिघडलेली गोल, फुगीर, तकतकीत लाल दिसते. कुठे दात लांब झाल्यासारखा दिसतोय, म्हणजे हिरडी मागे सरकलीय? दोन दातांत पूर्वी नव्हती अशी फट? दाबल्यावर पू? जिथे सापडेल तो दात ‘तोंड’च्या रकान्यात लिहा. ‘वरची उजवी, मागून दुसरी’ असं साधं लिहिलं तरी चालतं. एक चूक सगळेच करतात: टाचणी किंवा काडी घालून टोकरू नका, जखम होईल आणि खरं रक्त कुठलं ते कळणार नाही.

७. आज रात्रीपासून ब्रश असा करा. जेवणानंतर, झोपायच्या आधी. ब्रश मुठीत धरू नका, पेन धरतो तसा तीन बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी पडतो. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. ब्रिसल्स हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरके टेकवा, अर्धे हिरडीवर, अर्धे दातावर. आता ब्रश जागेवरच बारीक थरथरवा, दहा वेळा. मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका. दोन दात झाले, पुढच्या दोनावर जा. बाहेरून, आतून, चावायच्या बाजूने. पूर्ण दोन मिनिटं. एक गाणं लावलं तरी चालेल. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू राहून जाते आणि किटण सगळ्यात आधी तिथेच साचतं, तेव्हा ब्रश उभा धरून तिथे खास थांबा. भांडी घासल्यासारखं आडवं खसाखसा घासलंत तर हिरडी आणखी सरकेल.

रक्त आलं तर? ब्रश थांबवू नका. भीतीने ती जागा सोडली की घाण तिथेच राहते आणि उद्या जास्त रक्त येतं. रोज नीट हलक्या हाताने केलं तर साधी सूज आठवड्या-दोन आठवड्यांत उतरायला लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि रक्त थांबतच नसेल, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

८. दातांच्या मधली जागा साफ करा. फट बारीक असेल तर फ्लॉसचा दोरा, मोठी असेल तर औषधाच्या दुकानात मिळतो तो बारीक बाटलीब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश. दोरा कचकन खाली ओढू नका. करवतीसारखा पुढे-मागे करत हळू उतरवा.

९. मिठाच्या कोमट पाण्याने गुळणी करा. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. बरं वाटेल, पण याने किटण निघत नाही, हे लक्षात असू द्या. बीपी असेल तर गिळू नका.

येत्या सुटीच्या दिवशी

१०. आधी रक्त द्या, मगच दाताकडे जा. हा क्रम उलटा करू नका. स्केलिंगच्या, म्हणजे दातांवरचं किटण काढण्याच्या, आधीचा रक्ताचा आकडा हाताशी असेल, तरच नंतरच्या आकड्याशी ताडून बघता येईल. शिवाय रक्त रिकाम्या पोटी द्यायचं असतं आणि दाताकडे खाऊन जायचं असतं, तेव्हा दिवस आपोआप नीट लागतो. आदल्या रात्री लवकर जेवा, दारू नको, जिममध्ये वजनं उचलणं नको. स्नायू दमले की लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी उगाच वाढलेलं दिसतं. सकाळी पाणी चालतं, चहा नाही. नाइट शिफ्ट करून थेट लॅबमध्ये जाऊ नका, पाळीत काहीतरी पोटात गेलेलंच असतं.

११. लॅबमध्ये नावं घेऊन तपासण्या मागा: एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेटसह सीबीसी, उपाशीपोटीची शुगर, तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, आणि लिपिड प्रोफाइल. लॅबमधल्या भल्यामोठ्या पॅकेजला भुलू नका. कंपनीच्या गेल्या तीन महिन्यांतल्या रिपोर्टमध्ये यातलं काही असेल तर तेवढे पैसे वाचवा.

१२. चार आकड्यांचा हिशेब करा. नाव आहे फिब-४. लिव्हरमध्ये जाड वण तयार होत असण्याचा धोका किती, याचा अंदाज त्यातून येतो. हा हिशेब मला भारी आवडतो, कारण कॅल्क्युलेटर असला की झालं. सावकाश करा.

वय गुणिले एसजीओटी. हे वर लिहा.

प्लेटलेटचा आकडा हजारात घ्या. रिपोर्टवर २,४०,००० असेल तर २४०. लॅब ‘२.४० लाख’ लिहिते तेव्हा लोक इथेच गडबडतात आणि २.४ घालतात.

एसजीपीटीचं वर्गमूळ काढा. प्लेटलेटच्या हजारांना त्याने गुणा. हे खाली लिहा.

आता वरच्याला खालच्याने भागा.

समजा वय ४५, एसजीओटी ४०, एसजीपीटी ६४, प्लेटलेट २,४०,०००. वर आलं ४५ × ४० = १८००. ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून खाली २४० × ८ = १९२०. भागाकार साधारण ०.९४. १.३ च्या आत असेल तर वणाचा धोका कमी. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या तज्ज्ञांकडे जायला उशीर नको. मधला आकडा आला तर डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन ही लिव्हरची तपासणी करायला सांगतील. वय ६५ च्या पुढे असेल तर १.३ ऐवजी २ धरतात. ३५ च्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही. आणि पावसाळ्यात डेंग्यू होऊन गेलाय, प्लेटलेट खाली आहेत, तर आत्ता हिशेब करूच नका, आकडा उगाच फुगेल. आलेला आकडा ‘पोट’च्या रकान्यात लिहा आणि सोडून द्या. स्वतःवर शिक्का मारायला तो नाही, डॉक्टरांपुढे ठेवायला आहे.

एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून पेढे वाटू नका. फॅटी लिव्हर असूनही ते नॉर्मल येतं.

१३. वही घेऊन फिजिशियनकडे जा. ओळखीचे डॉक्टर असतील तर उत्तम, नसतील तर पौडचं ग्रामीण रुग्णालय आहे. फॅटी लिव्हर २०२१ पासून सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे, तेव्हा तुम्ही काहीतरी जगावेगळं विचारताय असं वाटून संकोचू नका. दोन वाक्यं तोंडपाठ करून जा: ‘हिपॅटायटिस बी आणि सी तपासायचं का?’ आणि ‘माझ्या हिरड्यांतून रक्त येतं, दाताचं काम करून घेणार आहे, त्यासाठी कुठली गोळी थांबवायची का?’ दुसऱ्याचं उत्तर त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने थांबवून दाताच्या खुर्चीत बसणं यासारखा दुसरा वेडेपणा नाही.

दाताच्या खुर्चीत

१४. जागा ठरवा. पिरंगुटमध्ये खासगी दवाखाने आहेत. खर्चाची काळजी असेल तर पुण्यातली डेंटल कॉलेजं बघा, धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा कॅम्पातलं रंगूनवाला. तिथे शिकणारी मुलं प्रोफेसरांच्या नजरेखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पैसे कमी. केसपेपर काढताना ‘हिरड्यांचा विभाग’ असं सांगा. भूगावच्या कोंडीचा वेळ धरून सकाळी लवकर निघा.

१५. खाऊन जा. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीप्रमाणे घ्या. उपाशी जाऊन खुर्चीत घाम फुटून चक्कर आलेले कमी नाहीत.

१६. बसल्या बसल्या सांगा: ‘मला फॅटी लिव्हर आहे’. मग औषधांचं पान उघडून त्यांच्यापुढे धरा. विचारतील तेव्हा सांगू म्हणून थांबू नका, नाहीच विचारणार.

१७. हिरडीची खोली मोजून घ्या. डॉक्टरांना म्हणा, ‘पॉकेट किती आहे ते मोजून सांगाल का?’ ते मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या मध्ये अलगद सोडतात. सासूबाईंच्या वेळी मी शेजारी उभी होते. डॉक्टरीणबाई एकेक आकडा बोलत होत्या, मदतनीस मुलगी लिहीत होती: तीन, तीन, चार, सहा. ‘सहा’ म्हणताना सळई केवढी आत गेली ते मी पाहिलं आणि थेंब न दाखवणाऱ्या हिरडीवरचा माझा विश्वास तिथेच उडाला. तीनपर्यंत ठीक, चार आणि पुढे असेल तर खोलवर सफाई लागेल. सगळ्यात मोठा आकडा आणि तो दात कुठला, एवढं वहीत उतरवा.

१८. आधी विचारा: सिटिंग किती, खर्च किती? मगच हो म्हणा.

१९. स्केलिंग करून घ्या. यंत्राची किर्रकिर्र, पाण्याचा फवारा, थोडा ठणका, एवढंच. खोल पॉकेट असेल तर बधिर करून मुळावरचंही खरवडतात. ‘स्केलिंगने दात हलतात’ ही अफवा घरोघरी आहे. दात आधीच सैल झालेला असतो, किटणाने त्याला लिंपून धरलेलं असतं. लिंपण गेलं की सैलपणा कळतो. नंतर काही दिवस गार पाण्याने दात सणकतात. तेवढे दिवस फ्रिजचं पाणी टाळा.

२०. वेदनेची गोळी विचारूनच घ्या. कुठली, किती तासांनी, दिवसात जास्तीत जास्त किती, हे वहीत लिहून घ्या. अंगदुखीची, सर्दीची आणि दातदुखीची अशा तीन वेगळ्या पाकिटांत एकच पॅरासिटामॉल असू शकतं आणि बेरीज लिव्हरला भोवते. वर त्या रात्री दारू अजिबात नाही.

२१. चूळ भरायचं औषध दिलं तर दिवस मोजा. क्लोरहेक्सिडिन असेल तर साधारण दोन आठवडे पुरे, पुढे दात तपकिरी दिसू लागतात. ब्रशनंतर लगेच नको, अर्धा तास थांबा.

पुढचे तीन महिने

२२. चहातली साखर मोजा. कंपनीत पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे, जवळपास चाळीस-पन्नास ग्रॅम. ती दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवा. एकदम बंद केलीत तर तिसऱ्या दिवशी बिस्किटांवर तुटून पडाल. साखर न घातलेली काळी कॉफी जमत असेल तर लिव्हरला ती चालते. कोल्ड्रिंक आणि डब्यातला ज्यूस मात्र लगेच थांबवा.

२३. भात वाटीने घ्या. मुळशीत बसून आंबेमोहोर सोडा म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण ताटात डोंगर रचायचा नाही: एक वाटी भात, जोडीला मोड आलेली मटकी किंवा मूग, ताक, हिरवी भाजी.

२४. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चाला. बोलता यावं पण गाता येऊ नये, असा वेग. हमरस्त्याच्या कडेने नको. कोलाडकडे जाणारे ट्रक तुमच्या तब्येतीचा विचार करत नाहीत. आतल्या रस्त्याने चाला. रात्रपाळी असेल तर पाळीच्या आधी.

२५. दर रविवारी वजन करा. काटा तोच, वेळ तीच, सकाळी काही खायच्या आधी. ८० किलो असाल तर चार किलो उतरले की लिव्हरमधली चरबी हलायला लागते. सहा ते आठ उतरले तर सूजही. आठवड्याला अर्धा ते एक किलो, त्याहून घाई नको. उपासतापास करून झपाट्याने वजन उतरवलं तर लिव्हर उलट बिथरतं.

२६. सहा ते आठ आठवड्यांनी दाताकडे परत जा आणि तेच पॉकेट पुन्हा मोजून घ्या. ‘रक्त थांबलं, आता कशाला’ म्हणून इथेच गळणारे सगळ्यात जास्त. सहाचं चार झालं का, तो आकडा जुन्याच्या शेजारी लिहा.

२७. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा द्या. त्याच लॅबमध्ये, त्याच तपासण्या. फिब-४ चा हिशेब पुन्हा मांडा, कंबर पुन्हा मोजा. एसजीपीटी उतरलं तर ते हिरडीमुळे, चालण्यामुळे की चहामुळे, हे शोधत बसू नका. उतरलं हे वहीत लिहा आणि दोन्ही डॉक्टरांना दाखवा. चढलं असेल तर अंदाज बांधत घरी बसू नका, वही घेऊन फिजिशियनकडे जा.

२८. आता भिंतीवरचं कालनिर्णय घ्या. दाताच्या तारखेला ‘दा’, रक्ताच्या तारखेला ‘र’, दुधाच्या हिशेबाच्या वरच्या कोपऱ्यात. लाल पेनाने लिहू नका, सुट्यांमध्ये हरवतं.